काचसफाईचे पोल आणि त्यांतले पाणी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दुमजली-तिमजली इमारतींच्या काचा बाहेरून पुसण्यासाठी शिडी, बादली आणि रबरी पट्टीचा वायपर वापरण्याची पद्धत हळूहळू मागे पडत असून तिच्या जागी जमिनीवर उभे राहून वापरायचा, टोकाला ब्रश असलेला आणि आतल्या नळीतून पाणी वर नेणारा लांब पोल येत आहे. वॉटर-फेड पोल या नावाने विकल्या जाणाऱ्या या साधनाचा मी समर्थक आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. मात्र इमारतींच्या देखभालीची कंत्राटे तपासण्याच्या कामात मला वारंवार असे दिसते की, हा बदल करू पाहणारी मंडळी पोलाची लांबी, वजन आणि किंमत यांवर बराच वेळ खल करतात, पण त्या पोलातून काचेवर जाणारे पाणी कसे असावे हा प्रश्न बैठकीत निघतही नाही. मग पहिल्याच महिन्यात काचांवर पांढरे ठिपके उमटतात, पोल कुचकामी ठरवून गोदामात टाकला जातो आणि कामगार पुन्हा शिडीवर चढतो. हे टळावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

जुन्या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु ती इतका काळ टिकली ती तिच्या अंगच्या गुणामुळेच. आज हातात मावणारा जो हलका वायपर आपण पाहतो, त्याची घडण इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एट्टोरे स्टेकोने या काचसफाई कामगाराची. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे काम करत असताना त्याने पितळी मुठीचा आणि एकाच रबरी पट्टीचा वायपर तयार केला आणि १९३६ साली त्याचे पेटंट मिळवले. त्याआधीचे पोलादी वायपर जड होते आणि त्यांची पट्टी बदलायची तर अनेक स्क्रू सोडवावे लागत. स्टेकोनेच्या वायपरची मूळ रचना आजही जवळपास तशीच आहे. साबणाच्या पाण्याने मळ सुटतो आणि रबराची धार तो मळ पाण्यासकट ओढून नेते. काचेवर पाणीच उरत नसल्यामुळे ते पाणी विहिरीचे आहे, नळाचे आहे की क्षारांनी भरलेले आहे याने फारसा फरक पडत नाही. या पद्धतीचे सारे यश पाणी काढून टाकण्यात आहे, ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी, कारण नव्या पद्धतीचे गणित बरोबर याच्या उलट आहे.

जुन्या पद्धतीतला धोका आहे तो शिडीचा. टेकवायची शिडी जमिनीशी साधारण ७५ अंशांचा कोन करून, म्हणजे चार फूट उंचीमागे पायथा एक फूट बाहेर घेऊन उभी करावी आणि चढणाऱ्याचे दोन पाय व एक हात सतत शिडीला लागलेले असावेत, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. काच पुसणाऱ्याच्या एका हातात मात्र ओला बोळा आणि दुसऱ्या हातात वायपर असतो. शिडी धरायला त्याच्याकडे तिसरा हात नाही. त्यातच बाजूच्या खिडकीसाठी शिडी खाली उतरून हलवण्याऐवजी कमरेतून वाकून हात लांबवण्याचा मोह होतो, पायऱ्या साबणाने निसरड्या झालेल्या असतात आणि शिडीचा पायथा कधी गुळगुळीत फरशीवर तर कधी भुसभुशीत मातीत असतो. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत उंचीवरून पडणे हे कारण वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले आहे. तेथे २००५ साली उंचीवरील कामांसंबंधी नियमावली लागू झाली आणि तिला युरोपीय संघाच्या २००१ सालच्या निर्देशाचा आधार होता. त्या नियमांनी शिडीवर बंदी घातली, असा समज अनेक विक्रेते पसरवतात. तो चुकीचा आहे. थोड्या वेळाच्या, कमी जोखमीच्या कामाला शिडी आजही चालते. नियमांनी घालून दिला तो विचाराचा क्रम: काम उंचीवर न चढता करता येत असेल तर चढूच नये, चढणे अटळ असेल तर पडणे रोखावे, आणि तेही पूर्णपणे साधत नसेल तर पडण्याची उंची व परिणाम कमी करावेत. पोल या क्रमाच्या पहिल्याच पायरीवर बसतो आणि म्हणून मला त्याचे महत्त्व वाटते.

आता पाण्याविषयी. पोलाच्या ब्रशने काच घासली जाते, त्याच ब्रशमधल्या बारीक छिद्रांतून येणाऱ्या पाण्याने ती धुतली जाते आणि नंतर तिला कोणी हात लावत नाही. काच आपोआप वाळते. वाळताना पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार मागे राहतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण) ३०० असलेल्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ३०० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ असतात. बरेचसे पाणी खाली ओघळून जाते हे खरे, पण काचेवर जे थेंब उरतात त्यांच्या कडेला या पदार्थांचे पांढरट वर्तुळ उमटण्यासाठी एवढे प्रमाण पुरेसे होते. म्हणून या पद्धतीत पाण्याचा टीडीएस शून्यावर किंवा शून्याच्या अगदी जवळ आणावा लागतो. सर्वसाधारणपणे १० च्या पुढे आकडा गेला की डागांची तक्रार सुरू होते. शुद्ध पाण्याला साबणाचीही गरज पडत नाही. उलट आधीच्या सफाईतला साबण चौकटीच्या फटींत राहिलेला असेल तर तोच पुढचे काही आठवडे ओघळून काचेवर येत राहतो.

एवढे शुद्ध पाणी मिळवण्याची साखळी साधी असली तरी तिच्यातला एकही दुवा गाळून चालत नाही. आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, मग क्लोरीन शोषणारा कार्बन फिल्टर, त्यानंतर आरओचे मेम्ब्रेन म्हणजे क्षार अडवणारा पातळ पडदा आणि शेवटी डीआय रेझिन म्हणजे पाण्यातले आयन काढणारे मणी, असा तिचा क्रम असतो. खर्च वाचवण्यासाठी कार्बन फिल्टर वेळेवर न बदलणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, कारण प्रचलित मेम्ब्रेन क्लोरीनमुळे खराब होते आणि मेम्ब्रेनची किंमत कार्बनच्या कितीतरी पट असते. चांगल्या स्थितीतले मेम्ब्रेन ९० ते ९८ टक्के क्षार अडवते. राहिलेले क्षार रेझिन काढते: रेझिनच्या एका प्रकारच्या मण्यांवर कॅल्शियम-सोडियमसारखे धन आयन चिकटतात आणि त्यांच्या बदल्यात हायड्रोजनचे आयन सुटतात, दुसऱ्या प्रकारच्या मण्यांवर क्लोराइड-सल्फेटसारखे ऋण आयन चिकटून हायड्रॉक्सिल आयन सुटतात, आणि हे दोन्ही एकत्र येऊन पाणीच तयार होते. मला ही रचना फार देखणी वाटते. मात्र रेझिनची क्षमता मर्यादित असते. ३०० टीडीएसचे पाणी थेट रेझिनवर सोडले तर, आरओतून आलेल्या १० टीडीएसच्या पाण्याच्या मानाने तेच रेझिन सुमारे तीस पट लवकर संपते. नळाचे पाणी मुळातच मऊ असेल तर नुसत्या रेझिनवर भागते. क्षारयुक्त पाण्यावर आरओशिवाय काम सुरू करणाऱ्याचे सारे उत्पन्न काही महिन्यांत रेझिनच्या पिशव्यांत जाते. थंडीच्या दिवसांत आरओचे उत्पादन घटते, कारण पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने उतरले की मेम्ब्रेनमधून मिळणारे पाणी ढोबळमानाने ३ टक्क्यांनी कमी होते. यंत्र बिघडले असे समजून तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

येथे दोन गैरसमजांचा उल्लेख करणे भाग आहे, कारण मी पाहिलेल्या फसलेल्या प्रयोगांपैकी बरेचसे त्यांमुळे फसले. पहिला समज असा की, इमारतीत पाणी मऊ करणारे सॉफ्टनर यंत्र बसवलेलेच आहे, तेव्हा निराळ्या शुद्धीकरणाची गरज नाही. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस चांगला येतो, नळांवर पापुद्रे चढत नाहीत, पण विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण जवळपास तेवढेच राहते आणि काच वाळल्यावर डाग पडायचे ते पडतातच. असे डाग ओल्या फडक्याने लवकर निघतात, एवढाच काय तो दिलासा. दुसरा समज घरगुती आरओविषयीचा आहे. पिण्याचे पाणी बेचव होऊ नये म्हणून त्या यंत्रांत बहुधा थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची किंवा खनिजे परत घालण्याची सोय असते, त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मुद्दामच शून्यापेक्षा बराच वर ठेवलेला असतो. शिवाय एका पोलाला मिनिटाला एक ते दोन लिटर पाणी लागते. घरगुती यंत्राला तेवढे पाणी द्यायला त्याच्या अनेक पट वेळ लागेल. पिण्यास उत्तम असलेले पाणी काचेला उत्तम असतेच असे नाही.

टीडीएस मीटर खिशात मावणारा आणि स्वस्त असतो, त्यामुळे तो न बाळगण्याला सबब उरत नाही. तरीही या मीटरची मर्यादा समजून घेतली पाहिजे. हा मीटर पाण्यातील क्षार प्रत्यक्ष तोलत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून त्यावरून अंदाज बांधतो. पाण्यातील सिलिकाचे आयन फारच कमी बनतात, म्हणून मीटरला सिलिका जवळजवळ दिसत नाही, आणि रेझिन संपू लागले की त्यातून सगळ्यांत आधी निसटणाऱ्या पदार्थांत सिलिकाच असते. मीटर शून्य दाखवतो आणि काचेवर तरीही पुसट पांढरे डाग येतात, तेव्हा कामगाराला दोष देण्याआधी रेझिन बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते. संपत आलेल्या रेझिनच्या पाण्याला कधी कधी मासळीसारखा वास येतो. अनुभवी माणसे मीटरइतकाच या खुणेवर विश्वास ठेवतात. शुद्ध पाणी टाकीत फार दिवस साठवूनही ठेवू नये. ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि तांबे-पितळेच्या जोडण्यांमधून धातू विरघळवून घेते, म्हणून नळ्या आणि जोडण्या प्लॅस्टिकच्याच वापरल्या जातात.

पाणी योग्य असेल तर प्रत्यक्ष काम अवघड नाही, पण त्याला एक शिस्त आहे. आधी वरची चौकट घासायची आणि ती पूर्ण धुऊन निघेपर्यंत पाणी वाहू द्यायचे, कारण वरच्या खाचेत साठलेली धूळ नंतर ओघळली तर खालची स्वच्छ केलेली काच पुन्हा मळते. मग काच वरून खाली आणि आडवी घासायची, कडा व कोपरे पुन्हा एकदा घ्यायचे आणि अखेरीस वरच्या कडेपासून सावकाश पाणी सोडत खाली यायचे. काही काचांवर पाण्याचा सलग पडदा पसरतो, काहींवर त्याचे थेंब बनतात. थेंब बनवणारी काच धुवायला अधिक पाणी आणि अधिक वेळ द्यावा लागतो. पक्ष्यांची विष्ठा सुकलेली असेल तर ती आधी भिजवून ठेवून शेवटी त्या जागी परतावे लागते. नव्याने काम सुरू केलेल्या इमारतीच्या पहिल्या सफाईला पुढच्या सफाईच्या निदान दुप्पट वेळ धरावा, किंवा तेवढ्यात दोन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीतच जुन्या साबणाचे आणि चौकटींतल्या धुळीचे अवशेष निघतात. ही पहिली फेरी घाईने उरकून पुढच्या तक्रारी ओढवून घेणारे ठेकेदार मी अनेक पाहिले आहेत, आणि दर कमी लावला असल्यामुळे घाई करण्यावाचून त्यांना गत्यंतरही नसते.

माझ्या मते या बदलातली सगळ्यांत मोठी अडचण मात्र तांत्रिक नाही. काच ओली सोडून कामगार निघून जातो हे ग्राहकाला पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण कोरडी, लखलखीत काच पाहून काम झाल्याची पावती देत आलो आहोत. थेंब ओघळत असलेली खिडकी पाहिल्यावर काम अर्धवट टाकले असे वाटणे स्वाभाविक आहे. जुन्या, कुशल कामगारांनाही ओली काच मागे ठेवून जाणे कमीपणाचे वाटते, आणि त्यांतले काही जण पोलाने धुतल्यावर खालच्या मजल्याच्या काचा फडक्याने पुसून काढतात. हे सद्‌भावनेने होते, पण त्याने नुकसानच होते: शुद्ध पाण्याने निर्मळ झालेल्या काचेवर फडक्यातला साबण आणि तंतू परत जातात. ग्राहकाला हे आधी, काम सुरू होण्यापूर्वी सांगितले पाहिजे, आणि काच पूर्ण वाळल्यावर तिच्याकडे पाहून निर्णय द्या अशी विनंती केली पाहिजे. पर्यवेक्षकाची सही काम संपताक्षणी घेण्याची प्रथा या पद्धतीत उपयोगाची नाही. तपासणी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवी.

पोल सर्वत्र चालतो असा दावा कोणी करत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. रंग न दिलेल्या किंवा रंग जुना झालेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवर पांढरी भुकटी जमलेली असते. ब्रश लागताच ती पाण्यात मिसळून दुधाळ ओघळ काचेवर उतरतात. लाकडी चौकटीतली काच बसवायची लांबी (पुट्टी) सुटलेली असेल, रंगाचे पोपडे निघत असतील, किंवा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान लहान जुन्या काचा असतील, तर तेथे हातानेच काम करावे. खिडकीच्या वर हवा जाण्याची झडप असेल तर तीत साचलेली धूळ बराच वेळ ठिबकत राहते, म्हणून तेथे पाणी जपून सोडावे. ज्या खिडक्यांचे रबर किंवा सिलिकॉन फाटले आहे त्यांतून पाणी आत जाईल आणि भिंतीचा दोष सफाईवाल्याच्या माथी येईल. बांधकामाच्या वेळी उडालेले सिमेंट आणि रंग, तसेच वर्षानुवर्षे जड पाणी पडून काचेत मुरलेले डाग पोलाच्या ब्रशने निघत नाहीत. त्यांना पाते किंवा विशेष द्रावणे लागतात आणि तेही काच खरवडली जाणार नाही हे पाहूनच. खिडकीच्या आतल्या बाजूला वायपरला पर्याय नाही. उंचीचे म्हणाल तर पाच-सहा मजल्यांपर्यंत पोल पोहोचतो, परंतु जसजशी लांबी वाढते तसतसा तो वाकतो, वर दाब देता येत नाही आणि खालून काचेची अवस्थाही नीट दिसत नाही. त्याहून उंच इमारतींना दोरावरचे प्रशिक्षित कामगार किंवा यांत्रिक पाळणे लागणारच.

एका प्रकारच्या काचेला मात्र हीच पद्धत विशेष मानवते. पिल्किंग्टन कंपनीने २००१ साली बाजारात आणलेल्या आणि नंतर इतरांनीही बनवलेल्या स्वयंस्वच्छ काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे हा थर सेंद्रिय मळाचे विघटन करतो आणि पाण्याचे थेंब न बनवता ते पसरवतो. अशा काचेवर साबणाचा किंवा सिलिकॉनचा अंश राहिला तर तिचा गुण झाकला जातो. अशी काच बसवून घेतलेल्या इमारतींच्या व्यवस्थापकांनी सफाईच्या कंत्राटात शुद्ध पाण्याची अट घालायला हवी होती. प्रत्यक्षात आपल्या इमारतीत कोणती काच आहे हेच पुष्कळांना सांगता येत नाही.

पोलाच्या समर्थकांनी ज्यावर मौन पाळू नये, अशी बाब म्हणजे पाण्याचा खप. बादली आणि वायपर घेऊन काम करणारा माणूस काही बादल्यांत संपूर्ण इमारत पुसतो. पोल मिनिटाला लिटर-दोन लिटर पाणी सोडतो, आणि ते तयार करताना आरओ त्याच्याइतकेच, कधी त्याहूनही जास्त पाणी क्षारांसह बाहेर टाकतो. टंचाईच्या काळात कोणी यावर आक्षेप घेतला तर तो रास्तच म्हणावा लागेल. यावर उपाय आहेत. टाकाऊ पाणी गटारात न सोडता फरशा धुण्यासाठी किंवा शौचालयांत वापरता येते. मूळ पाणी फार खारे नसेल तर काही झाडांनाही चालते. एका खिडकीवरून दुसरीकडे जाताना पाणी बंद करणारा नियंत्रक पोलापाशी बसवला तर खप बराच उतरतो. गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी मुळातच अल्प क्षारांचे असते. ते गाळून साठवले तर रेझिनवरचा भार फार कमी होतो. तरीही हिशेब मांडायचा तर पाणी जास्त लागते हे मान्य करूनच मांडावा. माणूस शिडीवरून पडण्याचा धोका टाळण्यासाठी हा खर्च मला योग्य वाटतो, पण तो शून्य आहे असे मी म्हणणार नाही.

शिडी गेली म्हणजे सारे धोके गेले, असेही नाही. सर्वांत गंभीर धोका विजेचा आहे. कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम या दोन्हींतून वीज वाहते, आणि ओला पोल कशाचाही असला तरी तो वीजरोधक समजू नये. पाणी शुद्ध असले की वीज वाहत नाही, असे शाळेतील ज्ञान सांगून निश्चिंत राहणारे भेटतात. ते पाणी ब्रशमधून बाहेर पडताच भिंतीवरच्या धुळीने अशुद्ध झालेले असते. इमारतीजवळून उघड्या वीजवाहिन्या जात असतील तर त्या बाजूला पोल उभारूच नये. त्याखालोखाल जमिनीवर पसरलेली नळी आणि ओली फरशी यांमुळे ये-जा करणारे अडखळतात वा घसरतात. त्यासाठी जागा अडवणारे फलक आणि एक जादा माणूस लागतो. तासन्‌तास मान वर करून काम केल्याने मान आणि खांदे दुखतात, म्हणून हलका पोल, कामाची अदलाबदल आणि खिडकीपासून योग्य अंतर ठेवून उभे राहणे या गोष्टी चैनीच्या समजू नयेत. गाडीवरच्या टाकीत ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन असते. अचानक ब्रेक दाबल्यावर ते पुढे झेपावते, तेव्हा टाकी गाडीच्या सांगाड्याला पक्की बांधलेली हवी. कोमट, साचलेल्या पाण्यात, विशेषतः २० ते ४५ अंश सेल्सियस तापमानात, लिजिओनेला हे फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे जीवाणू वाढू शकतात आणि फवाऱ्याच्या तुषारांतून श्वासावाटे शरीरात जातात. टाकी नियमितपणे रिकामी करून धुणे आणि ती उन्हात तापू न देणे, एवढी काळजी पुरते.

कामगारांच्या बाजूनेही या बदलाकडे पाहिले पाहिजे. पोल आला की दोन माणसांचे काम एक माणूस करील, असे गणित मांडून काही ठिकाणी मनुष्यबळ लगेच कमी केले जाते. वर सांगितलेली ये-जा अडवण्याची व्यवस्था, नळीकडे लक्ष आणि पोल धरण्याची अदलाबदल पाहता दोन माणसे पुष्कळदा लागतातच. वायपर चालवण्यात हयात घालवलेल्या माणसाला पोल दिला की तो एका दिवसात नवशिका ठरतो, हेही विसरू नये. त्याची नजर मात्र नवशिकी नसते: कोणता डाग मुरलेला आहे, कोणती चौकट रंग सोडते, कोणत्या काचेला आधीचा चरा आहे, हे त्याला खालून पाहूनही समजते. अशा माणसाला आधी पाणी तपासणे, फिल्टर बदलणे आणि रेझिनची अवस्था ओळखणे शिकवावे आणि त्या शिकण्याच्या दिवसांची पूर्ण मजुरी द्यावी. आतल्या काचा, खालचे मजले, दुकानांच्या दर्शनी काचा आणि जुन्या चौकटी ही कामे वायपरचीच राहणार असल्यामुळे त्याचे जुने कसबही वाया जात नाही.

शेवटी कंत्राटाविषयी. बहुतेक कंत्राटांत 'काचा स्वच्छ व डागविरहित कराव्यात' एवढेच वाक्य असते आणि सर्वांत कमी दराला काम जाते. अशा कंत्राटात शिडीने, एकट्याने आणि घाईने काम करणारा नेहमीच स्वस्त पडतो, कारण पडण्याची जोखीम त्याच्या दरात कोठेच मोजलेली नसते. निविदा मागवतानाच बाहेरच्या कोणत्या काचा जमिनीवरून करायच्या आणि कोणत्या हाताने, हे इमारतीच्या प्रत्येक बाजूनिहाय लिहावे. रोजचे काम सुरू करण्यापूर्वी पाण्याचा टीडीएस मोजून नोंदवहीत लिहिण्याची अट घालावी आणि आकडा १० च्या वर असल्यास त्या दिवशी पोल वापरू नये, असे स्पष्ट करावे. पहिल्या सफाईचा दर निराळा धरावा. टाकाऊ पाण्याचे काय करणार, हे ठेकेदाराकडून लेखी घ्यावे. वीजवाहिन्यांच्या बाजूची पाहणी करून तो भाग नकाशावर खुणावून द्यावा, आणि ही जबाबदारी ठेकेदारावर न ढकलता इमारतीच्या व्यवस्थापनाने स्वतः घ्यावी.

विक्रेत्याने प्रात्यक्षिक दाखवले तर ते प्रवेशद्वाराच्या नव्या काचेवर न पाहता इमारतीच्या सर्वांत मळलेल्या, उन्हाच्या आणि जुन्या चौकटींच्या बाजूला पाहण्याचा आग्रह धरावा. त्याने आणलेल्या डब्यातले पाणी बाजूला ठेवून इमारतीच्या नळाचेच पाणी त्याच्या यंत्रातून काढून वापरायला सांगावे, आधी आणि नंतर मीटर लावावा आणि काच वाळेपर्यंत कोणीही तेथून हलू नये.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वाचक